मावळतीच्या खिडक्या

जानेवारी लागला की आमच्या ऑफिसात काम कमी आणि कुजबुज जास्त होते. मी काचेच्या पार्टिशनमागे बसते, म्हणून मुलांना वाटतं मॅडमना ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतं. यंदा हुरड्याला कुठे जायचं, कुणाच्या शेतावर, चटणी कोण आणणार, टेम्पो सांगायचा की आपापल्या स्कूटरी काढायच्या. मग दोन दिवसांनी त्यांच्यातली सगळ्यात लाडकी मुलगी आत पाठवली जाते. "मॅडम, या वर्षी तरी चला न." मी म्हणते, "बघू." माझ्या बघूचा अर्थ नाही असा होतो, हे आता तिलाही पाठ झालंय. कधी मी पाठदुखी पुढे करते, कधी अमरावतीची साइट, कधी कुणाचं तरी लग्न. धरमपेठेत स्वतःचं ऑफिस थाटून मला नऊ वर्षं झाली. नऊ हुरडे झाले, एकालाही गेले नाही. मुलांना वाटतं बाई खडूस आहे. आहेच. पण न जाण्याचं कारण ते नाही.

परवा भाजीबाजारात एक म्हातारी पोत्यावर कोवळी कणसं मांडून बसली होती. मी नुसती उभी राहिले तरी तो हिरवा, दुधाळ वास नाकात गेला आणि माझा जीव कानकोंडा झाला. म्हातारी म्हणाली, "घ्या न बाई, आजच तोडलं." घेतलं नाही. घरी येऊन चहा टाकला, आणि गॅससमोर उभी राहून स्वतःवरच चिडले. अठरा वर्षं झाली, आणि अजून मला कणसांकडे धड बघता येत नाही म्हणजे काय.

त्या हिवाळ्यात मी चोवीस वर्षांची होते. आर्किटेक्चर शिकून आमच्या साहेबांच्या ऑफिसात लागलेली पहिली मुलगी. या 'पहिली'चा मला फार तोरा होता. धरमपेठेतल्याच एका बंगल्याच्या माडीवर ऑफिस होतं. लांबच लांब उतरती टेबलं, टी-स्क्वेअर, शाईच्या बाटल्या, आणि मागच्या खोलीतून येणारा अमोनियाचा वास. नकाशांच्या प्रती तिथे काढायच्या, डोळ्यांतून पाणी काढत. थंडीत ट्रेसिंग कागद कोरडा होऊन कडकड वाजायचा. दुपारी आम्ही सगळे गच्चीवर जाऊन पाठीला ऊन घ्यायचो आणि संत्री सोलायचो. गच्चीच्या कठड्यावर सालींचे ढीग पडायचे. बोटं पिवळी झाली की साहेब ओरडायचे, "त्या हातांनी नकाशाला हात लावाल तर बघा."

साहेबांचं एकच वेड होतं, उत्तरेचा उजेड. नागपुरात राहून ज्याला ऊन टाळता आलं नाही त्यानं घर बांधू नये, असं ते म्हणायचे. कुठलाही नकाशा समोर आला की आधी कोपऱ्यातला उत्तरेचा बाण बघायचे, मग बाकीचं. त्यांच्याकडे पितळी डबीतलं एक होकायंत्र होतं, ते साइटवर जाणाऱ्याच्या हातात स्वतः द्यायचे आणि परत आल्यावर स्वतः मागून घ्यायचे.

दर जानेवारीत साहेब सगळ्या ऑफिसला काटोल रोडवरच्या आपल्या शेतावर हुरड्याला न्यायचे. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कणसं, गुळाचा खडा, लसणाची चटणी, मडक्यातलं दही. सतरंजीवर साहेब आणि शिपाई एकाच रांगेत. त्या दिवशी कुणी कुणाचं साहेब नसायचं, असं आम्ही एकमेकांना वारंवार सांगायचो. ज्या गोष्टी वारंवार सांगाव्या लागतात त्यांच्यात काहीतरी खोट असते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

कणसं चोळायला सुखदेवइतका तरबेज कुणी नव्हता. सुखदेव आमचा ट्रेसर. म्हणजे आम्ही पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं गिरवणारा माणूस. जरीपटक्याच्या अलीकडे एका बौद्ध वस्तीत त्याचं घर होतं. कुठे शिकला नव्हता, बघून बघून शिकला होता, आणि त्याची रेघ आमच्या सगळ्यांपेक्षा साफ होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला 'ताई, तुम्ही' म्हणायचा. यात काही वावगं आहे असं त्या ऑफिसात कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच नाही.

तर सुखदेव गरम कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर मारून फोलपट उडवायचा आणि ज्याचा हात पुढे येईल त्याच्या हातावर दाणे ओतायचा. माझ्याही हातावर ओतले. मी खाल्ले. आणि सांगायला लाज वाटते, पण खाताना माझ्या मनात आलं की बघा, मी खातेय. महाल भागातल्या आमच्या घरी आजही सोवळ्याची चूल आहे, भोसल्यांच्या वेळेपासूनचं घराणं म्हणून बाबा छाती फुगवतात, आणि मी मात्र सुखदेवच्या हातचं खाते. पुढचे आठ दिवस मी स्वतःवर खूश होते. मूठभर दाणे खाल्ले होते, आणि आव असा, जणू मी समाजच सुधारला.

त्याच सतरंजीवर सुखदेवनं साहेबांपाशी गोष्ट काढली. वस्तीनं एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे मुलांना अभ्यासाला एक खोली बांधायची होती. विटा वस्ती जमवणार, मिस्त्री वस्तीतलेच. "नकाशा तेवढा पाहिजे होता, साहेब. घरात सहा जण राहतो. बहीण मॅट्रिकले हाये. तिले पुस्तक घेऊन बसाले जागा नाही."

साहेब दह्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "नुसता नकाशा काय मागतोस? ऑफिस येईल. रविवार देऊ आम्ही. श्रमदान." टाळ्या पडल्या. मग साहेब माझ्याकडे वळले. "कुंदा, नकाशा तू कर. मापं घ्यायला सुखदेव येईल. आणि सुखदेव, हे काम नीट पार पडलं न, तर एप्रिलपासून तू ट्रेसर नाहीस. ड्राफ्ट्समन. नकाशे स्वतः काढायचे. स्वतःचं टेबल."

सुखदेवच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. बराच वेळ नुसते दाणे काढत बसला, आणि सगळ्यांची पोटं भरली होती तरी काढतच राहिला.

मापं घ्यायला गेलो त्या दिवशी आभाळ आलं होतं. नागपूरच्या हिवाळ्यात असे एकदोन दिवस येतात, सूर्याचा पत्ता नसतो आणि हवा ओलसर, जड होते. सुखदेवनं माझी झोळी आत घरात खाटेवर नेऊन ठेवली, होकायंत्र त्या झोळीत. आम्ही टेप धरून मोकळी जागा मोजली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला बोळ, मागे एक अंगण. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, "पोरगी हाये वं इंजिनेर." मला फार बरं वाटलं. आता फक्त दिशा घ्यायची राहिली होती. झोळी आणायला मी सुखदेवच्या दारात गेले.

आत त्याच्या आईनं ताट वाढलं होतं. भाकर, वांग्याचं भरीत, कांदा, आणि घासून लख्ख केलेला पाण्याचा गडू. जमीन ताजी सारवलेली. ती म्हणाली, "ये वं पोरी, बस. सकाळपासून उन्हातान्हात नाही त थंडीवाऱ्यात फिरून राहिली. दोन घास खाय."

शेतावरचे दाणे खाणं सोपं होतं. तिथली चूल कुणाचीच नव्हती. इथे चूल होती, तिच्यावरची काळी पडलेली कढई होती, आणि त्या चुलीवर रांधलेलं अन्न माझ्यासमोर होतं. मला वाटलं होतं हे सगळं मी केव्हाच मागे टाकलं. पाय उंबऱ्याच्या आत जाईना. डोकं नको म्हणत नव्हतं बरं का, हातच नको म्हणत होते. आणि तोंडातून आलं, "माझा आज उपास आहे."

"कायचा वं?"

"गुरुवारचा."

कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली सुखदेवची बहीण शकुन मान वर करून म्हणाली, "आज बुधवार हाये."

आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे न बघता ताट उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "असते काही लोकायचा बुधवारचाबी." ती मला वाचवत होती. त्या क्षणी मला हे कळलं, आणि कळल्यावर तर मला तिथे एक पळ थांबवेना. झोळी सुखदेवनं आणून दिली. ती उघडून होकायंत्र काढायला दोन मिनिटं लागली असती. मी काढलं नाही. सायकल घेतली आणि धरमपेठेपर्यंत कुठेही न थांबता आले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून मी अंदाजानं बाण काढला. रस्ता असा जातो, म्हणजे बोळ उत्तरेला असणार. साहेबांच्या आवडीप्रमाणे बोळीकडच्या भिंतीत चार उंच खिडक्या दिल्या. उत्तरेच्या खिडक्यांना ऊन लागत नाही, म्हणून वर छज्जा दिला नाही. दिसायला नकाशा सुरेख झाला. साहेबांनी बाण बघितला, खिडक्या बघितल्या, खूश होऊन सही केली. होकायंत्राची डबी मी परत केली तेव्हा त्यांनी विचारलंही, "नीट घेतलीस न दिशा?" मी हो म्हटलं. मग तो कागद गिरवायला सुखदेवकडे गेला.

तासाभरानं तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, दिशा एक वेळ पाहून घेता का? बोळीकडं त दिवस मावळते."

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. त्यांनी मान वर केली नसती तर कदाचित मी कागद हातात घेतला असता. मी म्हटलं, "शिकून मी आलेय की तू? तू गिरव."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्यानं तो बाण गिरवला. इतका नेमका, इतका बारीक बाण मी नंतर कुणाच्या हातून पाहिला नाही.

साहेब आले असते तर सगळं पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण त्याच आठवड्यात ते दुसऱ्या एका साइटवर पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. रविवारची जबाबदारी माझ्यावर आली. आणि काय सांगू, ते रविवार फार छान होते. हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण खोटं कशाला बोलू. सकाळी सातला आम्ही सायकलींवरून जायचो, तोंडातून वाफा निघायच्या. बायांची आणि आमच्या ऑफिसातल्या बाबू लोकांची मिळून एक ओळ लागायची, घमेली हातोहात पुढे सरकायची. आमच्या लोकांच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड आले, तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "राहू द्या बाबू, तुमचे हात कागदाचे हायेत." ओल्या विटांचा वास, चुन्याचा वास, कुणाच्या तरी चुलीवर फोडणी पडल्याचा वास. नऊ वाजता गुळाचा चहा यायचा. सगळे प्यायचे. मी कपबशी हातात घेऊन इकडून तिकडे फिरायची आणि मग कुठेतरी विटांच्या ढिगावर ठेवून द्यायची. कुणाच्या लक्षात येत नसेल असं मला वाटायचं.

आम्ही उपकार करायला गेलो होतो, हे त्या सगळ्या छान रविवारांच्या बुडाशी होतं. कुणी तसं बोलत नव्हतं. उलट सगळे म्हणायचे, आपल्यालाच किती शिकायला मिळतंय. पण सोमवारी ऑफिसात हाताचे फोड एकमेकांना दाखवताना आमचे चेहरे पुण्य करून आल्यासारखे असायचे. माझा तर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या रविवारी मी जोत्यावर उभी होते. पाया होऊन जोतं वर आलं होतं, भिंती अजून उठायच्या होत्या. स्वच्छ थंडीचं ऊन पडलं होतं, आणि ते अंगणाच्या बाजूनं येत होतं. माझी सावली लांब होऊन थेट बोळीकडे गेली होती. सकाळची सात-साडेसातची वेळ. शाळेतल्या पोरालाही कळेल. बोळीकडे पश्चिम होती. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजल्यापासून ते दिवस बुडेपर्यंत नागपूरचं ऊन त्या चार उंच खिडक्यांतून सरळ आत येणार होतं, आणि छज्जा एकालाही नव्हता.

सुखदेव घमेलं खाली ठेवून माझ्याजवळ आला. त्यानं सावलीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. "ताई, अजून वेळ हाये. खिडक्या अंगणाकडच्या भिंतीत घेतल्या त निभते. मिस्त्रीले मी सांगतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

किती सोपं करून दिलं होतं त्यानं. मिस्त्रीला सांगणार तो, कष्ट त्याचे, मी फक्त हो म्हणायचं. पण हो म्हटलं तर नकाशा बदलावा लागणार. नकाशा बदलला तर साहेब विचारणार, दिशा घेतली होतीस न? आणि मग ऑफिसातले सगळे म्हणणार, बघा, मुलगी. दिशा कळत नाही आणि आली इमारती बांधायला. हे ऐकण्याची मला इतकी भीती होती की त्या भीतीपुढे मला ना शकुन दिसली, ना सुखदेवचं एप्रिलमधलं टेबल. मी म्हटलं, "साहेबांची सही झालीय त्यावर. मला बदलता येत नाही."

दिशा न घेता निघून आले ती चूक झाली, माणसाची चूक होते. पण त्या सकाळी जोत्यावर मी जे केलं ती चूक नव्हती. मला माहीत होतं. याला दुसरं नाव आहे आणि ते मी अठरा वर्षांत कुणासमोर घेतलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रविवारी दुपारी खोलीचं उद्घाटन होतं. पळस फुलले होते, ऊन चावायला लागलं होतं. आंब्याच्या पानांचं तोरण, रंगीत कागदांच्या पताका, पांढऱ्या धुवट लुगड्यांतल्या बाया. साहेब काठी टेकत आले. आमचं सगळं ऑफिस, सगळी वस्ती, मिळून जेवणाच्या पंगती अंगणात बसल्या होत्या. वरण, भात, बुंदी. मी पंगतीच्या कडेला उभी राहून आता काय सबब सांगावी याचा विचार करून राहिले होते. तेवढ्यात सुखदेवची आई एक ताट घेऊन आली. उकडलेलं रताळं, भाजलेले दाणे, दोन केळी.

"तुमचा उपास असन म्हणून येगळं केलं," ती म्हणाली. मग थोडी जवळ सरकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "ताट नवं हाये बाई. यात कोणी जेवलं नाही अजून."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं की मायेनं, मी कितीदा तरी विचार केला. तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. मी ते ताट घेतलं, दोन दाणे तोंडात टाकले, आणि ते हातात धरून तशीच उभी राहिले.

चारच्या सुमाराला साहेब खोलीत शिरले. मागोमाग आम्ही सगळे. आत पाय ठेवला आणि सगळ्यांचे हात डोळ्यांवर गेले. चारही खिडक्यांतून ऊन आत येऊन समोरच्या भिंतीवर उभं होतं. बाकड्यावर ठेवलेल्या पुस्तकांची पुठ्ठ्याची कव्हरं तापली होती. मार्चच होता अजून. साहेब खोलीच्या मधोमध काठी टेकून उभे राहिले, एकदा खिडक्यांकडे बघितलं, एकदा बाहेर. मग फार हळू विचारलं, "दिशा कोणी घेतली होती?"

मी साहेबांच्या डाव्या हाताला उभी होते. माझ्या हातात ते ताट होतं. मी बोलणार होते, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. नव्हते बोलणार. मी ताटावरची नजर उचलली नाही, आणि मला कुणी विचारू नये असं वाटत होतं.

"मी सांगितली होती, साहेब," सुखदेव म्हणाला. "आभाळ होतं त्या दिवशी. ताईले मीच चुकीची सांगितली."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "अरे, जन्मापासून राहतोस इथे. आपल्या घरापुढे दिवस कुठे मावळतो हे ठाऊक नाही तुला?"

सगळी वस्ती दारात उभी होती. कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी हसलं. सुखदेवही हसला, मान खाली घालून. शकुन हसली नाही. ती दोन्ही हात छातीशी घट्ट धरून भावाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल जो राग होता तो मी बघितला. तो राग माझा होता. माझ्या पत्त्यावर यायला हवा होता.

सोमवारी गच्चीवर मी त्याला गाठलं. म्हटलं, "तू असं का केलंस?" किती निर्लज्ज प्रश्न. त्यानं संत्र्याची साल काढता काढता सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही आमच्या इथे पाहुण्या होत्या, ताई. पाहुण्याची मान आपल्या दारात खाली नाही जाऊ देत." एवढंच. नंतर अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.

साहेबांनी नकाशा दुरुस्त करून दप्तरी लावायला सांगितला. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडायची असते, फार जपून, नाहीतर कागद फाटतो. मी सुखदेवनं गिरवलेला बाण खरवडला, नखानं घोटून कागद गुळगुळीत केला आणि खरी उत्तर काढली. कागदावर चूक कुठेच उरली नाही. एप्रिल आला. सुखदेवला टेबल मिळालं नाही. "ज्याला दिशा कळत नाही त्याला नकाशा कसा काढायला देऊ," साहेब मला म्हणाले, आणि मी मान डोलावली. पगारवाढ मला मिळाली.

त्याच एप्रिलमध्ये एका दुपारी कामासाठी त्या बाजूला गेले होते. पाय आपोआप वळले. खोलीत कुणी नव्हतं, खिडक्यांवर ओली पोती टांगलेली, आत काळोख आणि काहिली. मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत, सातआठ मुलं जमिनीवर बसून वाचत होती. शकुन भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. मला बघून उठली. "आत लय तपते, ताई," ती म्हणाली. "सावली मात्र चांगली पडते हिची." मग म्हणाली, "दादाशी मी बोलत नाही सध्या. परीक्षा होऊ द्या, मग पाहू."

एक वाक्य लागत होतं. मी म्हटलं, "अभ्यास नीट कर," आणि सायकल काढली.

सुखदेव आणखी तीन वर्षं आमच्याकडे ट्रेसरच राहिला. मग सरकारी खात्यात लागला, तिथेही ट्रेसर म्हणूनच. मी पुढे गेले. प्रताप नगरात दोन बंगले, एक शाळा, मग आणखी शाळा, मग स्वतःचं ऑफिस. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडम दिशा तीन तीनदा तपासतात, मॅडमचा त्यात हात कुणी धरू शकत नाही. मला तिथून उठून जावंसं वाटतं. सुखदेवशी गाठ पडायची अधूनमधून, कधी बर्डीच्या बाजारात, कधी बसमध्ये. प्रत्येक वेळी तो आधी ओळख द्यायचा. "कशा हाय ताई? नवीन काय बांधून राहिल्या?" आणि मी प्रत्येक वेळी ठरवायची, पुढच्या वेळी बोलू.

गेल्या डिसेंबरात तो गेला. चव्वेचाळीसचं वय, हृदयविकार. मला कळलं तेव्हा अंत्ययात्रा होऊन गेली होती. पुण्यानुमोदनाला गेले, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी लोक जमतात तो कार्यक्रम. तो त्याच खोलीत होता. मावळतीच्या चारही खिडक्या केव्हाच विटांनी बुजवल्या होत्या, भरदुपारी ट्यूबलाइट लावून लोक बसले होते. शकुन आता शाळेत शिक्षिका आहे. केस पांढरे व्हायला लागलेत. भावाबद्दल बोलायला ती उभी राहिली.

"दादा जनमभर नकाशे गिरवत राहिला," ती म्हणाली, "पण आपल्या घरापुढची एक खोली त्याले धड बसवता आली नाही. मावळतीले खिडक्या काढल्या त्यानं. आम्ही त्याले लय चिडवलं त्यावरून. माय त म्हणे, याले घरी यायचा रस्ता गावते का पाहा रे. पोरं झाली, त्याच्या पोरायनंबी चिडवलं. थो नुसता हासे. एकदाबी म्हणाला नाही, की मी नाही केलं."

लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. त्याची बायको हसली. त्याचा मुलगा हसला. त्या खोलीत सुखदेवची आठवण म्हणून जी गोष्ट सांगितली गेली ती माझी होती, आणि ती आता त्याची झाली होती, त्याच्या नातवंडांपर्यंत जाणार होती.

कार्यक्रम संपल्यावर मी शकुनला बाजूला घेतलं, दाराजवळ, जिथे चपलांचा ढीग होता. आणि सगळं सांगितलं. होकायंत्र, बुधवार, टेबल, जोतं, सगळं. माझं बोलणं मध्ये मध्ये अडत होतं, पण मी थांबले नाही. मला वाटलं होतं ती चिडेल. कदाचित रडेल. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी असंही होतं की ती माझा हात धरेल आणि म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं.

तिनं मागे वळून आत बघितलं, भिंतीशी ठेवलेल्या त्याच्या फोटोकडे. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "थो होता तवा काहून नाही सांगितलं, ताई?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती वाट बघत उभी राहिली. मी खाली वाकून चपला शोधायला लागले. समोरच होत्या.